सात खिडक्या

लतीफभाई सोलकर बोटीवरून कायमचे उतरले
तेव्हा पेटीत कपडे कमी, पोलाद जास्त होतं.
अकरा वर्षं इंजिनखोलीत काढून आणलेलं काय,
तर कानशींचा एक जुडगा, दोन कोरे ठोकळे,
आणि हॅम्बर्गच्या एका दुकानाच्या काचेपलीकडे पाहिलेली
बोटभर मोटार. ती डोळ्यांतच.

मिरजोळ्याला पत्र्याची शेड, दारात रायवळ काजू.
पाटीवर 'सोलकर मेटल टॉईज' हवं होतं.
रंगाऱ्याने 'टाईज' काढलं,
मग बिलांवरही तेच छापून घेतलं.

पहिली निघाली एसटी.
खऱ्या गाडीच्या खिडक्या त्यांनी स्टँडवर उभं राहून मोजल्या होत्या,
पण साच्यात तेवढ्या मावेनात.
दोन खिडक्यांमधला खांब कागदाएवढा उरायचा
आणि जस्त तिथवर पोचायच्या आत थिजायचं.
शेवटी सातच खोदल्या.
"बाकीचे उभ्याने येतील," म्हणाले.

मी एकोणीसची. भाट्याहून तरीने यायचे.
दिवे रंगवायचे.
फक्त दिवे.
शून्य नंबरचा ब्रश, चांदीचा रंग,
दिवसाला सहाशे गाड्या, म्हणजे बाराशे डोळे.
रात्री भाकरीवरचे डागसुद्धा
मला जोडीजोडीने दिसायचे.

चौऱ्याहत्तरला जस्त महागलं.
भाईंनी भट्टीत थोडं जाळ्याचं शिसं टाकलं.
गाड्या नेहमीसारख्याच चकचकीत निघाल्या,
कोल्हापूरला गेल्या, बेळगावला गेल्या,
आणि दोन वर्षांनी पार्सलं उलटी यायला लागली.
टपाला भेगा. चाकाजवळ फुगवटे.
एक जीप मी हातात घेतली तर
खारी बिस्किटासारखी मोडली.
शिशाने जस्ताला आतून कीड लागते,
हे तेव्हा कळलं, असं भाई सांगत.
मला वाटतं, त्यांना आधीच ठाऊक होतं.
पैसे मात्र फेडले, एकेका दुकानदाराला मनीऑर्डरने.
फॉर्म मी भरले.
हमीदाभाभींचे हात त्यानंतर कधी वाजले नाहीत.

मग बरी वर्षं आली. टँकर, दूधगाडी,
शिडी वर होणारा बंब (शिडी आठवड्यात तुटायची),
मिळून बावीस मॉडेलं.
मग बाजारात प्लास्टिकची आली,
मागे ओढून सोडली की आपोआप पळणारी.
आमची ढकलावी लागायची.
ढकलायला कोणाला वेळ होता?

सत्त्याण्णवच्या मार्चात मिरकरवाड्याचा एक तांडेल आला.
ट्रॉलरच्या बुडाला जस्ताच्या वड्या लागतात, म्हणाला,
खारं पाणी आधी त्यांना खातं,
तोवर लोखंड वाचतं. ओतून द्याल का?
भाई बराच वेळ कपाटाकडे बघत बसले.
मग म्हणाले, देतो.

न खपलेली खोकी उघडली.
रंग आधी जळतो. लाल, पांढरा, बंबाचा तो पिवळा पट्टा.
मग छपरं बसतात.
मग बावीसच्या बावीस एकच पातळ,
पहाटेच्या खाडीसारखं करडं.
त्यातून निघाली वडी,
साबणाएवढी, दोन भोकांची.
तिला दिवे नव्हते.
मी ब्रश धुऊन ठेवला.

परवा पुण्याहून एक जण भिंग घेऊन आला.
त्याच्याकडे आमची एसटी, खोक्यासकट.
"डाव्या दिव्यात काळा ठिपका आहे. दोष का?"
हात हलला असेल, म्हटलं.
दिवसाच्या शेवटच्या गाडीला मी तो मुद्दाम लावायचे,
हे आमच्या घरातही कोणाला माहीत नाही.

एकूण किती बनल्या, त्याने विचारलं,
आणि आता किती उरल्या असतील? कुठे मिळतील?
मी बंदराकडे बोट केलं.
त्याला वाटलं, रस्ता दाखवतेय.
आभार मानून
गाडीत बसला.